आखाजीनंतरची पोर

आखाजी झाली, लिंबाच्या फांदीवरचे झोके उतरले, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या. दरवर्षी याच सुमाराला आमच्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. मार्चपर्यंत सगळे फोन परीक्षेचे असतात. मे महिन्यातले फोन दबक्या आवाजात येतात. "ताई, नाव सांगू नका रेडिओवर, पण आमची पोर धड जेवत नाही." "मोबाइल उशीखाली घेऊन झोपते." "जिच्याशिवाय पाणी पीत नव्हती, त्या मैत्रिणीचं नाव काढलं तरी उठून जाते." आणि मग थोडं थांबून खरा प्रश्न येतो, "कुणी मुलगा तर नसेल ना?"

आज यावरच बोलायचं आहे. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगतो. ही कुणा एकीची नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पुष्कळ मुलींचं आणि आयांचं ऐकून आम्ही ती जोडली आहे, त्यामुळे आपल्या गल्लीत ही कोण म्हणून शोधू नका. तिला नावही देत नाही.

तर ती दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तापीकाठचं गाव, घरी केळी आणि थोडा कापूस. पाचवीपासून तिची एक जिवाची मैत्रीण. एका बाकावर बसणं, एकाच एसटीनं येणं-जाणं, दोघींच्या वेण्यांना एकाच रंगाच्या रिबिनी. मार्चच्या शेवटी शाळा संपली आणि पहिल्यांदाच दोघींना रोज भेटायला कारण उरलं नाही. त्यात मैत्रिणीच्या घरी सुरतहून मामेबहीण आली. आपल्याकडची किती कुटुंबं सुरत-उधन्याला आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात तिकडून येणारी गाडी पोरासोरांनी भरलेली असते. ही मामेबहीण दोन वर्षांनी मोठी, बोलायला चटपटीत, मोबाइल हाताळायला हुशार. दोघींच्या तिघी झाल्या आणि आठ दिवसांत पुन्हा दोघीच राहिल्या. आमची मुलगी बाहेर पडली.

याच दिवसांत एक मुलगा तिच्याशी बोलू लागला. मैत्रिणीच्याच गल्लीतला, आयटीआयला जाणारा. आधी निकाल कधी लागणार असलं काहीतरी, मग मेसेज, मग रोज रात्री मेसेज. ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली, मैत्रिणीला, आणि तिनं ती मामेबहिणीला सांगितली. आखाजीच्या दिवशी झोक्यावर गाणी म्हणताना त्या मुलाचं नाव घेऊन पोरी हसल्या. ही झोक्यावरून उतरली आणि घरी येऊन पडून राहिली.

आईला दिसलं ते एवढंच: मुलगी रडते, मोबाइल बघते, आणि गावात कुजबुज आहे. आईनं दोन आणि दोन चार केले. पण ती रडत होती ती मुलासाठी नव्हे. मैत्रिणीनं आपलं गुपित विकलं म्हणून रडत होती.

आम्ही आज इतकं बोलतोय ते या एका गोष्टीसाठी. आपण सगळ्या जणी मुलगा शोधत बसतो आणि मैत्रिणीकडे आपलं लक्षच जात नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगी आईबापांपासून मनानं जरा सुटी होत असते. मी कोण, कशी दिसते, कुणाला आवडते, याची उत्तरं ती घरात शोधत नाही, बरोबरीच्या मुलींच्या डोळ्यांत शोधते. जिवाची मैत्रीण तुटते तेव्हा तिचा आरसाच फुटतो. मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात की या वयात भावना भडकवणारा भाग आधी जोमात येतो, आणि थांबून पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. म्हणून दुःख खोटं नसतं, फक्त त्याला लगाम अजून पुरता आलेला नसतो. अशा वेळी "अशा छप्पन मैत्रिणी मिळतील" हे वाक्य आपण सांत्वन म्हणून बोलतो. मुलीला ते ऐकू येतं, "तुझं दुःख फालतू आहे."

दहावीनंतरचा उन्हाळा यासाठी फार कठीण. २०२५पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. दोघी शेजारी बसून एकाच मोबाइलवर पसंतीक्रम भरतात आणि यादी लागते तेव्हा एक जळगावला सायन्सला, दुसरी तालुक्याला आर्ट्‌सला. कुणाच्या घरी शहरात खोली घ्यायची ऐपत असते, कुणाच्या नसते. मुली भांडतात ते रिबिनीवरून, पण आत हे असतं. पाच वर्षं एका गणवेशात झाकलेला फरक त्या दोन महिन्यांत उघडा पडतो.

आता जरा मागे जाऊ. आपल्या आज्यांना हा उन्हाळा नव्हताच. बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या, जन्म १८८०चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. त्यांची आखाजीवर कविता आहे आणि झोक्यावरचा तो आनंद सासरहून माहेरी आलेल्या लेकीचा आहे. आपल्या आखाजीची घडणच तशी आहे. गौराई माहेरी येते, मिरवते, लाड करून घेते आणि परत जाते. सालदाराचं साल संपतं, पुरुष पत्ते कुटतात, आणि बायकांना वर्षातून एकदा उंच झोका घेऊन मनातलं गाण्यात बोलायची मुभा मिळते. सासूबद्दल, नणंदेबद्दल, नवऱ्याबद्दल. पण लग्न न झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय आहे, याचं गाणं कोण कशाला रचणार? पंधरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी घरात असायचीच क्वचित.

हे वय कायद्यानं आणि शाळेनं हळूहळू तयार केलं. १९२९च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं, १९४९मध्ये ते १५ झालं, १९७८मध्ये १८. म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी बायकांच्या आया पंधराव्या-सोळाव्या वर्षी संसारात होत्या. तेव्हा आपल्याजवळ या उन्हाळ्यासाठी शब्द नाहीत यात आपला दोष नाही. आपल्याला कुणी दिलेच नव्हते. आजी म्हणते, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." खरंच नव्हती, कारण त्यांच्या वाट्याला ती वर्षंच आली नाहीत.

आता त्या मुलाबद्दल. कुणी आपल्याकडे बघतं, आपल्या मेसेजची वाट बघतं, याचं या वयात वाटणारं सुख अगदी नैसर्गिक आहे. त्यात वाईट काही नाही आणि ते आपल्या संस्कारांचं अपयश नाही. पुष्कळदा ते काही महिन्यांत आपोआप ओसरतं. आमच्या गोष्टीतल्या मुलीला तो मुलगा आवडत होता यात शंका नाही. पण मैत्रीण सोडून गेली, त्या रिकाम्या जागेत तो आला, हेही खरं. मैत्रीण जवळ असती तर दोघींनी मिळून त्याची थोडी थट्टा केली असती आणि कदाचित तेवढ्यावरच सगळं राहिलं असतं. एकट्या पडलेल्या मुलीला तेच प्रेम फार मोठं आणि फार गरजेचं वाटतं.

काळजी कशाची करायची, तेही सांगतो. मुलगा वयानं बराच मोठा आहे. "कुणाला सांगू नकोस" असं पुन्हा पुन्हा बजावतो. लपवून वापरायला मोबाइल किंवा सिम देतो. फोटो मागतो, आणि नाही म्हटलं की रुसतो, मरायची धमकी देतो किंवा जुने मेसेज घरी दाखवीन म्हणतो. यातलं काही दिसलं तर ते प्रेम नव्हे, दबाव आहे. मुलीला आपण हे शब्दांत सांगायला हवं. "नाही" म्हटल्यावर जो चिडत नाही तो चांगला मुलगा, एवढी साधी पट्टी तिला दिली तरी पुष्कळ काम होतं. १८ वर्षांखालच्या मुलीचा अश्लील फोटो काढणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, मग तो तिनं स्वतः पाठवलेला असला तरी. म्हणून धमकी आली तर मेसेज पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो.

पोक्सो कायद्याबद्दल फार गैरसमज आहेत. हा २०१२चा कायदा. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक, मुलगी असो की मुलगा. मुलीची संमती होती असं सांगून शारीरिक संबंधाच्या गुन्ह्यातून सुटका होत नाही. मुलगा स्वतः १८च्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. बोलणं, हसणं, वहीत नाव लिहिणं हा गुन्हा नाही. मुलांच्या आयांनीही हे ऐकावं. पोरगा आपला असला म्हणजे प्रश्न शेजारच्या घरचा होत नाही.

आणि आता ज्याची आम्हाला खरी धास्ती वाटते ते. कुजबुज कानावर आली की घरात रात्री बैठक बसते. शाळा पुरे, मोबाइल बंद, आणि कुणीतरी म्हणतं, "चांगलं स्थळ आहे, उरकून टाकू." १५ वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांच्या मेसेजची शिक्षा म्हणून आयुष्यभराचा संसार दिला जातो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्यातली किती लग्नं अशा भीतीपोटी उरकलेली होती, हे त्या आकड्यात दिसत नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार लग्न ठरवणाऱ्याला, लावणाऱ्याला, ते होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. असं लग्न झालंच, तर मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकते. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. तो मुलगी स्वतः लावू शकते, तिची मैत्रीण लावू शकते, शेजारीणही लावू शकते.

इथे आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात आम्ही सांगितलं होतं की शंका आली तर आधी मोबाइल काढून घ्या. पुढच्या आठवड्यात एका मुलीनं शेजारणीच्या फोनवरून आम्हाला विचारलं, "ताई, आता मी कुणाशी बोलू?" तिला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मोबाइलला घरात वेळ ठरवा, रात्री तो सगळ्यांचाच एका जागी ठेवा, बापाचाही. पण मुलीचं जगाशी असलेलं बोलणंच तोडू नका. बोलणं तुटलं की ती थांबत नाही, फक्त आपल्याला कळेनासं होतं.

मग करायचं काय? आमच्या गोष्टीतल्या आईनं केलं ते सांगतो. तिलाही पहिल्या रात्री मुलीच्या बापाला सांगावंसं वाटलं होतं. ती एक दिवस थांबली. दुसऱ्या दिवशी पहाटे बिबडे करायचे होते. तुम्हाला माहीत आहे, बिबडे थापताना मान खाली असते, हात गुंतलेले असतात, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. समोर बसवून "खरं सांग" म्हटलं की पोर गप्प होते. हात कामात असले की जीभ सुटते. आईनं मुलाचं नावच काढलं नाही. नुसतं म्हणाली, "काय व्हयनं व, माले सांग." आणि मग, "तुझी मैत्रीण आली नाही बरेच दिवस." तिथे बांध फुटला. आधी मैत्रीण आली, मग मामेबहीण, मग झोका, आणि सगळ्यात शेवटी तो मुलगा.

आईनं त्या वेळी एकच शहाणपणाचं काम केलं: ऐकलं आणि लगेच निकाल दिला नाही. दुपारी तिनं स्वतःची एक गोष्ट सांगितली. तिचीही एक मैत्रीण होती, लग्न होऊन शिरपूरकडे गेली, निरोपही न घेता. ती अजून आठवते म्हणाली. मुलीनं आईला इतका जुना राग जपलेला कधी पाहिला नव्हता, तिला हसू आलं. मुलाबद्दल दोघींचं ठरलं ते असं: रात्रीचे मेसेज बंद, एकटीनं भेटायचं नाही, फोटो पाठवायचा नाही, आणि त्यानं कशासाठी जोर केला तर त्याच दिवशी आईला सांगायचं. बापाला काय आणि किती सांगायचं, हे मात्र आईला अजून ठरवता आलेलं नाही. आम्हालाही त्याचं एकच उत्तर देता येत नाही. घराघरातला बाप वेगळा असतो.

ज्यांना घरात बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशन मिळतं, 'मैत्री' क्लिनिक म्हणून विचारा. मुलगी फार खचलेली वाटली, जगण्याबद्दल वाईट बोलू लागली, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

मैत्रिणीचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. ती एका संध्याकाळी कुरडयांचा चीक घेऊन आली. आईनं पाठवलं म्हणाली. दोघी ओट्यावर बसल्या, फारसं बोलल्या नाहीत. पूर्वीसारखं झालं नाही, आणि आम्हाला वाटतं ते होणारही नाही. जूनमध्ये एक जळगावला गेली. दुसरीनं तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं आणि एसटीचा पास काढला. मुलींना तो बारावीपर्यंत मोफत असतो, तेव्हा लांबच्या कॉलेजच्या खर्चाचं कारण सांगून कुणी मुलीला घरी बसवत असेल तर त्यांना हे सांगा. पहिल्या दिवशी तिच्या शेजारी एक अनोळखी मुलगी बसली आणि तिनं विचारलं, "तू कोणत्या गावची?"

पुढच्या वेळी मुलांच्या आयांशी बोलू. फोन करा, नाव सांगितलं नाही तरी चालेल.