न पाहिलेल्या घराचे भाडे

पावसाळ्याचे दिवस आणि नाताळापासून नववर्षापर्यंतचा आठवडा या काळात मुंबई-पुण्याहून लोणावळा-खंडाळ्याकडे लोटणाऱ्या सहस्रावधी प्रवाशांपैकी काही कुटुंबांच्या वाट्याला एक विलक्षण मनस्ताप येतो. समाजमाध्यमावर पाहिलेल्या, तरणतलाव आणि हिरवळ यांनी नटलेल्या बंगल्याचे निम्मे भाडे आगाऊ भरून, मुलेबाळे व सामानसुमान घेऊन, नकाशाने दाखविलेल्या तुंगार्लीतल्या किंवा पवनाकाठच्या फाटकापाशी ती मंडळी येऊन उभी राहतात, आणि आतून आलेला राखणदार त्यांना सांगतो की हा बंगला भाड्याने दिलाच जात नाही. किंवा दिला जातो, परंतु आजचे आरक्षण दुसऱ्यांचे आहे, आणि ज्या क्रमांकावर तुम्ही पैसे पाठविले तो आमच्या मालकाचा नव्हे. छायाचित्रे खरी असतात, बंगलाही खरा असतो. भाड्याने देणारा तेवढा खोटा असतो. पोलीस इशारे देतात, फिर्यादी नोंदविल्या जातात, आणि पुढल्या हंगामात नव्या नावाने तीच जाहिरात पुन्हा झळकते.

लोणावळ्याच्या फाटकापाशी फसलेल्या कुटुंबाची एक सुट्टी वाया जाते व काही सहस्र रुपये बुडतात. संध्याकाळच्या गाडीने ते आपल्या घरी परत जाऊ शकते. परंतु हाच डाव बर्मिंगहॅमच्या किंवा म्युनिकच्या एखाद्या सदनिकेसंबंधी, तळेगावच्या, वडगावच्या वा कामशेतच्या विद्यार्थ्यावर टाकला जातो तेव्हा त्याला परत जायला घर जवळ नसते, ओळखीचा माणूस नसतो, आणि गेलेली रक्कम बहुधा बापाने काढलेल्या शैक्षणिक कर्जातली किंवा विकलेल्या दोन गुंठ्यांच्या मोबदल्यातली असते. मावळातून परदेशी शिकायला जाणाऱ्यांची वाट आता चांगली रुळली आहे, आणि म्हणूनच या संकटाचे स्वरूप येथल्या पालकांनी नीट समजून घेणे अत्यंत निकडीचे झाले आहे.

या फसवणुकीचे बीज विद्यार्थ्याच्या भोळेपणापेक्षा त्याच्या अडचणीत अधिक असते. प्रवेशाचे पत्र येते, कर्ज मंजूर होते, व्हिसासाठी महिनोन्‌महिने खोळंबा होतो, आणि तो हाती पडतो तेव्हा सत्र सुरू व्हायला जेमतेम तीन-चार आठवडे उरलेले असतात. तोवर विद्यापीठाची वसतिगृहे भरून गेलेली असतात; जर्मनीतल्या मोठ्या शहरांत तर वसतिगृहाच्या खोलीसाठी प्रतीक्षायादीत कित्येक महिने काढावे लागतात. खरा घरमालक सहसा परगावच्या अनोळखी मुलाला भाडेकरू म्हणून घेण्यास कचरतो. त्याला समक्ष भेट हवी असते, पगाराचे दाखले किंवा स्थानिक जामीन हवा असतो. अशा वेळी जो मनुष्य काहीही न मागता, बाजारभावापेक्षा पुष्कळच कमी भाड्यात, विद्यापीठापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावरची सजवलेली खोली देऊ करतो, तो त्या मुलाला देवासारखा भेटला असे वाटावे यात नवल ते काय?

त्याची पत्रे एका ठराविक साच्याची असतात. मी कामानिमित्त दुसऱ्या देशात असतो, तेव्हा घर प्रत्यक्ष दाखविणे शक्य नाही. माझी मुलगी त्या घरात राहून शिकली, आता तिला त्याची गरज नाही. मला पैशापेक्षा घर स्वच्छ ठेवणारा सज्जन भाडेकरू हवा. पहिल्या महिन्याचे भाडे व अनामत पाठविताच किल्ली कुरियरने तुमच्या हाती येईल. पत्रासोबत करारनाम्याचा मसुदा असतो, आणि विश्वास दृढ व्हावा म्हणून पारपत्राची प्रतही जोडलेली असते. मग दोन दिवसांनी सूर बदलतो: आणखी तिघे विचारत आहेत, आज रात्रीपर्यंत रक्कम आली नाही तर मी बांधील नाही. खाते मात्र घर ज्या देशात आहे त्या देशातले नसते, किंवा खातेदाराचे नाव करारनाम्यावरच्या नावाशी जुळत नाही, आणि त्याचे कारण विचारले तर कधी कराची, कधी भागीदाराची, कधी दलालाच्या कचेरीची सबब पुढे येते.

पारपत्राच्या त्या प्रतीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण या व्यवहारातला सर्वांत क्रूर भाग तोच आहे. ती प्रत पुष्कळदा आधी फसलेल्या एखाद्या भाडेकरूची असते. घर देण्यापूर्वी ओळख पटवायची म्हणून भामटा प्रत्येकाकडून पारपत्राची प्रत मागून घेतो, आणि तीच पुढल्या सावजाला मालकाची ओळख म्हणून दाखवितो. अशा रीतीने एका निरपराध विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र, त्याच्या नकळत, दुसऱ्या निरपराध विद्यार्थ्याच्या फसवणुकीचे साधन होते, आणि पैसे बुडाल्यानंतरही त्याच्यामागचा घोर संपत नाही.

हे सारे उघडकीस येते ते बहुधा परदेशातल्या पहिल्याच दिवशी. मुलगा विमानतळावरून दोन जड पेट्या ओढीत, आगगाडीने, बसने, पत्ता विचारीत त्या रस्त्यावर पोहोचतो. घरक्रमांक सापडतो, घंटेवरचे नाव मात्र निराळेच असते. दार उघडणारी व्यक्ती त्याच्या हातातला करारनामा वाचते आणि मान हलविते. यानंतरचे दिवस निव्वळ धावपळीचे असतात. महागड्या खानावळीवजा निवासात रात्री काढायच्या, सकाळी विद्यापीठाच्या कचेरीत नावनोंदणीसाठी रांग धरायची, दुपारी खोल्या पाहत हिंडायचे. पत्ता नाही म्हणून अडणारी कामेही लहान नसतात. जर्मनीत घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत वास्तव्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ती नोंद नसेल तर करक्रमांकापासून निवास-परवान्यापर्यंत बरेच काही खोळंबून राहते. आईवडिलांना काळजी नको म्हणून मुलगा फोनवर सांगतो की सर्व ठीक आहे, घर छान आहे. आणि हे सांगताना त्याच्या मनाची जी अवस्था होत असेल ती मला फार बोचते.

परक्या देशातले पहिले दिवस कोणत्याच काळी सोपे नव्हते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांना उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंना त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता त्या बाईंनी एका मिशनरी नियतकालिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे छापलेले पत्र वाचले, त्यावरून पत्रव्यवहार सुरू झाला, आणि प्रत्यक्ष भेटीपूर्वी जवळजवळ तीन वर्षे तो चालू राहिला. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरात आनंदीबाईंना जो आसरा मिळाला तो असा दीर्घकाळ पारखलेला होता. त्या पत्रांत घाई नव्हती, आणि आगाऊ रकमेची मागणी तर नव्हतीच. पुढे तळेगाव दाभाडे येथे ज्यांनी बंगला घेतला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्याच हार्टली हॉल या वसतिगृहात प्रथम उतरले. तेथले अन्न मानवेना म्हणून त्यांनी ती जागा सोडली, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहिले. लंडनमध्ये १९२१-२२ साली ते ज्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, आणि आज ते स्मारक आहे.

या दोन्ही उदाहरणांतून मला जे दिसते ते साधे आहे. एकीने दीर्घ परिचयाचा आधार घेतला, दुसऱ्याने संस्थेचा. तात्पुरते उतरण्याचे ठिकाण भरवशाचे असले की कायमचे घर पायी हिंडून, डोळ्यांनी पाहून ठरविता येते. आजच्या विद्यार्थ्यानेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती जागा विद्यापीठाच्या अतिथिगृहात, युवावसतिगृहात किंवा प्रसिद्ध निवासात घ्यावी. त्यासाठी पडणारा जादा खर्च शिक्षणखर्चाचाच भाग समजावा. दूरदेशीच्या घरासाठी दोन महिन्यांचे भाडे आंधळेपणाने पाठविण्यापेक्षा तो किती तरी स्वस्त पडतो.

वास्तविक मावळच्या माणसाला हा सावधपणा शिकवावा लागू नये. द्रुतगती मार्ग झाल्यापासून येथल्या जमिनींचे भाव असे चढले की एकच तुकडा दोघांना विकण्याचे, बनावट मुखत्यारपत्रावर साठेखत करण्याचे प्रकार येथल्या लोकांनी जवळून पाहिले आहेत. म्हणून आज गावातला अल्पशिक्षित शेतकरीदेखील इसार देण्यापूर्वी सातबारा काढतो, फेरफार वाचतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेववितो, आणि ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात देऊन हरकती मागवितो. पुण्यात मुलाला खोली घेऊन देतानाही अकरा महिन्यांचा करार नोंदविला जातो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने अशा कराराची नोंदणी सक्तीची केली आहे व तिची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मग ज्या बापाने शेजारच्या गावातल्या जमिनीसाठी एवढी शहानिशा केली, त्याने सातासमुद्रापलीकडच्या खोलीचे पैसे एका संदेशावर पाठवावेत, हे कसे घडते? घडते ते अशासाठी, की तिकडेही कागद असतात, तिकडेही कायदा असतो आणि तो आपल्याला वाचता येतो, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

तो कायदा बहुतेक ठिकाणी भाडेकरूच्या बाजूचा आहे. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीकडे अल्प शुल्क भरून नोंद झालेल्या घराचा मालक कोण हे कोणालाही पाहता येते. आपल्या सातबाऱ्याचेच ते काम. तेथे २०१९ च्या कायद्यान्वये घर राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही, सर्वसाधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय घेतलेली अनामत तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. जर्मनीत अनामतीची कमाल मर्यादा मूळ भाड्याच्या तिप्पट आहे, ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये अनामत सरकारी खात्याकडे जमा होते. तेव्हा किल्ली हाती येण्यापूर्वी तीन महिन्यांची रक्कम एकरकमी मागणारा मनुष्य त्या देशाच्या रीतीविरुद्ध वागत आहे, एवढे ओळखायला वकिलाची गरज नाही.

घर पाहण्यासाठी कोणी तरी समक्ष गेलेच पाहिजे. त्याआधी दूरचित्रसंवादावर घर दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि तेव्हा खिडकीतून रस्ता, दारावरचा क्रमांक, घरातले मीटर दाखवायला सांगावे. छायाचित्रे शोधयंत्रात टाकून ती दुसऱ्या जाहिरातीतून उचललेली आहेत काय ते पाहावे. वरच्या वर्गातला विद्यार्थी, विद्यापीठाची निवास-कचेरी, किंवा लंडनचे १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ यांसारख्या संस्थेतले ओळखीचे कुटुंब यांच्याकडून एक फेरी मारून घेणे अवघड नसते. परदेशातली मराठी माणसे अशा कामाला अगत्याने धावतात, हे मी मोठ्या कृतज्ञतेने नमूद करतो. तथापि केवळ मराठी बोलतो एवढ्यावर पैसे देऊ नयेत. भारतीय विद्यार्थ्यांच्याच गटात शिरून, एकाच खोलीची अनामत अनेकांकडून उकळणारे लोकही असतात, आणि आपल्या माणसाला कागद कसा मागावा या भिडेपायी पुष्कळांची फसगत झाली आहे.

इतके करूनही फसवणूक झाली तर पहिला शत्रू म्हणजे लाज. मुलगा सांगत नाही, बाप चारचौघांत बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन काढले जातात. परदेशी खात्यात जमा झालेली रक्कम परत मिळविणे फार कठीण, परंतु बँकेला तत्काळ कळविल्यास रक्कम माघारी बोलाविण्याची विनंती करता येते, आणि पहिल्या काही तासांतच तिला अर्थ असतो. पैसे येथल्या खात्यातून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर लगेच तक्रार द्यावी. तिकडच्या पोलिसांत विद्यार्थ्याने स्वतः फिर्याद नोंदवावी, विद्यापीठाला लेखी कळवावे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही आपली अडचण मांडावी. संदेश, करारनाम्याचा मसुदा, खातेक्रमांक यांपैकी काहीही पुसून टाकू नये. पारपत्राची प्रत दिलेली असेल तर ती गोष्ट फिर्यादीत आवर्जून नमूद करावी, म्हणजे उद्या त्या नावाने दुसरा कोणी फसला तर संशय आपल्यावर येणार नाही.

परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या पालकांना माझी एवढीच विनंती आहे, की पेट्या भरताना मसाले आणि पापड जितक्या काळजीने बांधता तितक्याच काळजीने एकदा मुलाशेजारी बसून त्याच्या घराचा करारनामा वाचा, मालकाचे नाव, खातेदाराचे नाव आणि घराची सरकारी नोंद एकमेकांशी जुळवून पाहा, आणि ती जुळली नाहीत तर सत्र सुरू व्हायला दोन दिवस उरले असले तरी एक पैसाही पाठवू नका.