१०,००० ल्युमेनचा टॉर्च दहा मिनिटांत का दमतो? आपल्याच मोबाईलवर घ्या परीक्षा

स्वारगेट एसटी स्टँडच्या आसपास संध्याकाळी फिरला असाल, तर असं दुकान तुम्ही पाहिलंच असेल. मोबाईल कव्हर, टफन ग्लास, इअरफोन आणि वर तारेला लटकवलेले काळे टॉर्च. दुकानदार बटण दाबतो, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर प्रकाशाचा पांढरा चौकोन पडतो आणि आपण पाकीट काढतो. मीही काढलं. फलटणच्या गाडीला वीस मिनिटं होती, खोक्यावर '१०,००० ल्युमेन' आणि '९९०० एमएएच' असं ठळक छापलेलं होतं, किंमत साडेसहाशे. इंजिनिअर असूनही घेतला, हे आधीच कबूल करून टाकतो.

टॉर्च अण्णांसाठी होता. अण्णा म्हणजे माझे चुलते. फलटणजवळ त्यांचा ऊस आहे. शेतीपंपाची थ्री फेज लाइट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की उठून मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची. (२०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे, पण अण्णांच्या फीडरचा नंबर अजून लागलेला नाही.)

दोन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला. "अरे, तुझी बॅटरी दहा मिनिटं दिवाळी करती आणि मग निरांजन." पुढचं त्यांनी हसत सांगितलं, मला मात्र हसू आलं नाही. उसाच्या पाचटात घोणस होती, पावलापासून हातभर अंतरावर. "दिसली नाही. कुकरच्या शिट्टीगत फुसफुसली म्हणून कळली."

तेव्हापासून मी टॉर्च विकत घेण्याआधी आणि घेतल्यानंतर काय तपासायचं, याच्या मागे लागलो. चांगली गोष्ट म्हणजे बहुतेक तपासण्यांना मोबाईल पुरतो. (एक खुलासा: आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि आत घालतात तो सेल. गोंधळ नको म्हणून पुढे टॉर्च आणि सेल हेच शब्द वापरतो.)

आधी कागदावरचा हिशोब

खोक्यावरचा आकडा खोटा आहे हे कळायला टॉर्च चालू करायचीही गरज नाही. आजचा बरा एलईडी, ड्रायव्हरमधलं नुकसान धरून, एका वॅटमध्ये साधारण १०० ते १५० ल्युमेन देतो. म्हणजे १०,००० ल्युमेनसाठी ८० वॅटच्या आसपास लागतील. माझ्या टॉर्चमध्ये एकच १८६५० सेल होता. या नावात मापच लपलंय: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या आकारात चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० एमएएचचा असतो. ३.६ व्होल्टने गुणलं की झाले साडेबारा वॅट-अवर.

साडेबारा भागिले ८०. दहा मिनिटंसुद्धा नाहीत! आणि तेवढ्या वेळात त्या सेलमधून वीस अँपिअरच्या वर करंट सतत ओढावा लागेल, जो साडेसहाशे रुपयांच्या टॉर्चमधली बटणाची स्प्रिंगही सहन करणार नाही.

'९९०० एमएएच'बद्दल तर बोलायलाच नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सेल ठेवून बघा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. माझा ३१ ग्रॅम भरला. आत काय कमी घातलंय ते काट्यानेच सांगितलं.

हाच हिशोब उलटा केला की खरेदी सोपी होते. अण्णांना किती वेळ उजेड हवा? किमान चार तास. साडेबारा वॅट-अवर चार तासांत वाटले तर तीन वॅट, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ल्युमेन. एका १८६५० सेलवर यापेक्षा फार जास्त उजेड चार तास मिळत नाही, टॉर्च कितीही महाग असो. जास्त हवं असेल तर मोठा सेल घ्या. २१७०० मध्ये ५००० एमएएच, म्हणजे १८ वॅट-अवर मिळतात. तीनशे ल्युमेन ऐकायला कमी वाटतं, पण मोबाईलचा फ्लॅश जेमतेम पन्नासच्या आसपास असतो. बांधावरून चालायला तीनशे भरपूर झाले.

बाथरूममधली प्रयोगशाळा

आता मोजमाप. अँड्रॉइड फोनमध्ये वरच्या कडेला लाइट सेन्सर असतो, ज्याने ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो. कुठलंही लक्स मीटर अ‍ॅप घ्या, ते हाच सेन्सर वाचतं. (आयफोनमध्ये अ‍ॅपला सेन्सरचा थेट आकडा मिळत नाही, कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात. तुलनेला तेही चालतं.) रात्री पांढऱ्या छताच्या बाथरूममध्ये टॉर्च जमिनीवर उभा करा, तोंड छताकडे. फोन शेजारी ठेवा, पण टॉर्चचा थेट प्रकाश सेन्सरवर पडता कामा नये. छतावरून परतून आलेला उजेडच मोजायचा. दार लावा, आकडा लिहून घ्या.

तो आकडा एकटा काही सांगत नाही, म्हणून तुलनेला घरातला नेहमीचा ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या. त्याच्या डब्यावर साधारण ९०० ल्युमेन लिहिलेलं असतं. टेबल लॅम्पची शेड काढून तो त्याच जागी लावा. मोजमाप ढोबळ आहे, वीस-तीस टक्के इकडेतिकडे होईल. पण जो टॉर्च स्वतःला १०,००० ल्युमेनचा म्हणवतो, त्याने अकरा बल्बांइतका उजेड पाडायला हवा. माझ्या टॉर्चने एका बल्बाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही पाडला नाही.

खरी परीक्षा मात्र वेळेची. चालू केल्यावर पहिल्या मिनिटाचा आकडा १०० धरा, मग तिसऱ्या, दहाव्या, तिसाव्या मिनिटाचा लिहा. अण्णांचा टॉर्च दहाव्या मिनिटाला ४० वर होता आणि अर्ध्या तासाने १५ वर. निरांजन हा शब्द अगदी बरोबर होता.

असं का होतं? स्वस्त टॉर्चमध्ये सेल आणि एलईडीच्या मध्ये फार काही नसतं. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, मग उतरत जातो आणि उजेडही त्याच्याबरोबर उतरतो. त्यात सेलच हलका, म्हणून घसरगुंडी आणखी वेगाने. चांगल्या टॉर्चमध्ये ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं, जे सेल उतरला तरी एलईडीला ठरलेलाच करंट देत राहतं. प्रीमियम टॉर्चच्या किमतीत तुम्ही सगळ्यात जास्त पैसे ज्याचे मोजायला हवेत, ती वस्तू ही. आणि तीच खोक्यावर दिसत नाही!

मग नामांकित कंपन्यांचे आकडे तरी खरे का?

खोटे नसतात, पण वाचता यावे लागतात. टॉर्च मोजायचं एक मानक आहे, एएनएसआय एफएल-१, पहिल्यांदा २००९ मध्ये आलं. त्याचं चिन्ह असेल तर ल्युमेन, अंतर, रनटाइम हे सगळं ठरलेल्या पद्धतीने मोजलेलं असतं. पळवाट कुठे आहे बघा. ल्युमेन मोजतात चालू केल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या आत. रनटाइम मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे १००० ल्युमेनचा टॉर्च तिसऱ्या मिनिटाला २०० वर आला आणि तिथेच चार तास रेंगाळला, तरी खोक्यावर लिहिता येतं: '१००० ल्युमेन, ४ तास'. दोन्ही गोष्टी खऱ्या, फक्त एकाच वेळी नाहीत.

अर्थात उजेड खाली आणणं हा दोष नाही. एलईडीला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णताच होतो आणि मुठीएवढ्या अ‍ॅल्युमिनियमला ती किती वेळ झेपणार? टर्बो मोडवर दोन-तीन मिनिटांत हात भाजायला लागला की चांगला ड्रायव्हर स्वतःच उजेड कमी करतो. फरक आलेखात दिसतो: चांगला टॉर्च पायरी उतरतो आणि मग सरळ रेषेत चालतो, वाईट टॉर्च सतत घसरतो. म्हणून कंपनीने रनटाइमचा आलेख दिलाय का, हे मी सगळ्यात आधी बघतो. नसेल तर सोडून देतो.

अंतराचा आकडाही तसाच. एफएल-१ मध्ये जिथे ०.२५ लक्स उजेड उरतो तिथपर्यंतचं अंतर मोजतात. हा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात झाड आहे की माणूस, एवढंच कळतं. सूत्र सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, मीटर मिळतात. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतात. मी छापलेल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यावर भरवसा ठेवतो.

ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे तो एका दिशेला किती एकवटलाय. झूमवाले टॉर्च इथेच फसवतात. झूम पुढे ओढला की भिंतीवर चौकोन दिसतो ना? ती एलईडी चिपचीच प्रतिमा असते. मधला भाग झगझगतो, पण बाजूला गेलेला बराचसा उजेड डोक्याच्या आतच वाया जातो. शिवाय पुढे-मागे सरकणाऱ्या डोक्यातून हवा आत-बाहेर होते, तिच्याबरोबर ओलावाही जातो. रात्री कात्रज ते सिंहगड चालणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे: डोंगरात पुढच्या दहा पावलांतली घसरडी मुरमाड वाट दिसली पाहिजे, समोरची टेकडी नाही.

घोणस का दिसली नाही

उजेड कमी पडला हे एक कारण, पण मला वाटतं दुसरंही होतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या निळ्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरं दिसतं. स्वस्त एलईडीत निळा जास्त आणि लाल फार कमी. त्यामुळे तपकिरी, विटकरी, मातकट रंग एकमेकांत मिसळतात. वाळलेलं पाचट तपकिरी आणि त्यावरची घोणसही तपकिरी, अंगावर गडद ठिपक्यांची माळ. राखाडी-निळ्या उजेडात ती माळ उठून कशी दिसणार?

रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा म्हणजे सीआरआय, शंभरपैकी. साधे एलईडी ७० च्या आसपास असतात, 'हाय सीआरआय' म्हणजे ९० च्या वर. तपासायला आपला तळहात पुरे. टॉर्चखाली तो मेल्यासारखा फिकट दिसला तर सीआरआय कमी. हाय सीआरआयमध्ये थोडे ल्युमेन कमी मिळतात, ते मी आनंदाने सोडतो.

आणखी दोन झटपट तपासण्या. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/४००० ठेवा, टॉर्च मंद मोडवर भिंतीवर मारा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकले तर टॉर्च वेगाने लुकलुकतोय. कॅमेरा नसेल तर नळाची धार बघा, लुकलुकणाऱ्या उजेडात ती तुटक मण्यांसारखी दिसते. मग टाइप-सी: फक्त जुन्या चौकोनी चार्जरनेच चार्ज होत असेल आणि सी-टू-सी केबलने नाही, तर आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेत. काही पैशांची वस्तू. तिथे कंजूषी करणाऱ्याने सेलच्या संरक्षणात काय केलं असेल?

पाण्यासाठी आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाटात पडणाऱ्या टॉर्चला सात तरी हवा.

शेवटी साडेतीन हजारांत एक घेतला: २१७०० सेल, हाय सीआरआय, ९०० ल्युमेनचा टर्बो. बाथरूममध्ये टर्बो तीन मिनिटांत निम्म्याच्या खाली आला, अपेक्षेप्रमाणे. मधल्या मोडवर मात्र पाच तास आकडा जवळपास हललाच नाही. यापेक्षा महाग टॉर्च छंदासाठी घ्यावेत असं माझं मत. हेडलॅम्पही सुचवला होता, खोरं धरायला दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. "तोंडावर किडे कोण घेणार?" म्हणाले अण्णा, विषय संपला.

परवा फोनवर विचारलं, "अण्णा, कसा आहे नवीन टॉर्च?"

"उजेड पहाटेपर्यंत टिकतोय. पण जरा पिवळा पडतो, त्यामुळं शेजारचे म्हणतात, अण्णा, सेल उतरला तुमचा."