एका मिस्त्रीची मोटार

राजेमहाराजांची मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मखमली गाद्या, चांदीच्या मुठी आणि झळझळीत दिवे उभे राहतात. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याविषयी निराळे सांगायला नको. पण मेबॅक ही जर्मन बनावटीची गाडी. आम्हाला आज जिच्याविषयी बोलायचे आहे ती विलायतेची रोल्स-रॉइस. तिचेही कोल्हापूरशी एक जुने नाते आहे, आणि ते घाटवाटांतून जुळलेले आहे.

गोष्ट १९०८ सालची. कोल्हापुरात शाहू महाराजांचा अंमल होता. रेल्वे येऊन सतरा वर्षे झाली होती, शाहू मिलची मुहूर्तमेढ होऊन दोन वर्षे झाली होती; पण मोटार म्हणजे अजून नवलाई होती. त्या साली मुंबई आणि कोल्हापूर यांच्या दरम्यान मोटारींची एक कसोटीची शर्यत झाली. शर्यत वेगाची नव्हती, टिकाऊपणाची होती. सुमारे ६२० मैलांची मजल, वाटेत सहा उंच घाट, आणि रस्ते बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांचे. फ्रँक नॉरबरी नावाच्या मुंबईच्या एका साहेबाने तीत आपली रोल्स-रॉइस उतरवली. यंत्रात बिघाड होऊन वाटेत बसावे लागले, असे त्या गाडीच्या बाबतीत एकदाही घडले नाही. घाटाची ढाल तिला मिळाली. ‘पूर्वेचा मोती’ असे तिचे नाव पडले आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती विकत घेतली.

राजाने ती कितीला घेतली, तिच्यातून कोण कोण मिरवले, ही चर्चा आपण बाजूला ठेवू. आमच्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो तो वेगळाच. ती गाडी थांबली का नाही?

मोटारीच्या इंजिनात दट्ट्याचे चार फेरे असतात. पहिल्या फेऱ्यात तो हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, दुसऱ्यात ती दाबतो, तिसऱ्यात ठिणगीने भडका उडून दट्ट्या ढकलला जातो आणि चौथ्यात धूर बाहेर जातो. म्हणजे चार फेऱ्यांत काम देणारा फेरा एकच. बाकीचे तीन खर्चाचे. वेदगंगेच्या काठी पूर्वी पाणी उपसायला एका सिलिंडरची डिझेल इंजिने असत. त्यांचा तो ‘डग डग’ आवाज आणि बाजूचे जडच्या जड चाक ज्यांना आठवते, त्यांना ही गोष्ट लगेच पटेल. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात यंत्र फिरते ठेवण्यासाठीच ते चाक लागे, आणि एकेका धक्क्याने सगळा पाया हादरे.

आता एकाऐवजी सहा सिलिंडर एका ओळीत बसवले तर काय होईल? क्रँकच्या दोन वेढ्यांत सहा धक्के मिळतील. म्हणजे दर तिसऱ्या भागाच्या वेढ्याला एक. एकाचा जोर ओसरायच्या आत दुसरा हात लावील. शिवाय पुढचे तीन दट्ट्ये आणि मागचे तीन दट्ट्ये एकमेकांची हालचाल तोलून धरतील. गाडी मऊ चालण्याचे मूळ या सहा जणांच्या ताळमेळात आहे. मखमलीचा तिथे संबंध नाही.

मात्र सोन्यासारख्या या युक्तीत एक खोट होती. सहा सिलिंडरांसाठी क्रँक लांब करावा लागतो, आणि लांब दांडा पिळला जातो. ओला पंचा दोन्ही टोकांनी पिळावा तसा क्रँकला दर धक्क्यासरशी पीळ बसतो आणि सुटतो. ठराविक वेगाला हा पीळ वाढत वाढत जातो आणि पोलाद असूनही दांडा मोडतो. त्या काळच्या कित्येक सहा सिलिंडरी गाड्या या दुखण्याने जायबंदी झाल्या. खुद्द रोल्स-रॉइसच्या १९०५ च्या गाडीलाही याच दुखण्याने छळले होते.

त्यावर हेन्री रॉइसने उपाय केला तो साधा होता आणि खर्चाचा होता. १९०६ च्या नव्या गाडीत त्याने सहा सिलिंडरांचे तीन-तीनाचे दोन ठोकळे केले, क्रँक चांगला जाड केला आणि त्याला एक-दोन नव्हे, सात ठिकाणी बेअरिंगांचा आधार दिला. सिलिंडरची रुंदी साडेचार इंच आणि दट्ट्याची धावही साडेचार इंच. सगळे मिळून सात लिटरांचे इंजिन. एवढ्या मोठ्या इंजिनातून त्याने सुमारे ४८ अश्वशक्तीच घेतली. जास्त काढता आली असती. पण ज्याच्याकडून रोज काम घ्यायचे आहे त्याच्या अंगात शिल्लक ठेवावी लागते, हे बैल राखणारा शेतकरी जाणतो तसे तो जाणत होता.

दुसरी गोष्ट वंगणाची. त्या काळच्या अनेक इंजिनांत तेल थेंबाथेंबाने पडे. चढावर इंजिन तापले की नेमक्या गरजेच्या वेळी बेअरिंग कोरडे पडे. रॉइसने पंपाने दाब देऊन पोकळ क्रँकच्या आतून तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचवले. तिसरी गोष्ट ठिणगीची. एका सिलिंडरला दोन प्लग, एक मॅग्नेटोवर आणि एक कॉईलवर. एक रुसला तर दुसरा हजर. चौथी गोष्ट जोडणीची. चासीला सर्रास रिव्हेट ठोकण्याची तेव्हा रीत होती. रॉइसला ती पसंत नसे. भोक नीट कातून त्यात निमुळता बोल्ट घट्ट बसवावा, म्हणजे हादऱ्याने सांधा ढिला होत नाही, असा त्याचा आग्रह.

यांपैकी एकही गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नव्हती. कंपनी तर वरची पेटीही करीत नसे. ती विके फक्त चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके. गाद्या, लाकूडकाम आणि रंगरंगोटी दुसऱ्या कारागिरांकडून करून घ्यायची. म्हणजे ज्याला आपण ऐश्वर्य म्हणतो ते रोल्स-रॉइसच्या कारखान्यात तयारच होत नव्हते. तिथे तयार होत होता तो भरवसा.

तो भरवसा लोकांना पटवून देणारा माणूस होता क्लॉड जॉन्सन, कंपनीचा कारभारी. १९०७ साली त्याने एका गाडीला रुपेरी रंग दिला, तिचे नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणजे रुपेरी भूत असे ठेवले, आणि ती पंचांच्या देखरेखीखाली लंडन ते ग्लासगो अशी पुन्हा पुन्हा पळवली. ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलची तोटी बंद होऊन गाडी क्षणभर थांबली. त्यानंतर एकंदर १५,००० मैल भरेपर्यंत, म्हणजे १४,३७१ मैल, तिचे इंजिन वाटेत एकदाही आपणहून बंद पडले नाही. मग पंचांनी ती खोलून झीज मोजली, तर ती अगदी किरकोळ भरली. पुढे या जातीच्या सगळ्याच गाड्यांना सिल्व्हर घोस्ट म्हणू लागले. १९१४ च्या महायुद्धात याच चासीवर पोलादी पत्रे चढवून लढाऊ गाड्या केल्या, त्याही वाळवंटातून चालल्या.

आता हा रॉइस कोण? कंपनीच्या नावातला पहिला भागीदार चार्ल्स रोल्स हा सरदारपुत्र; शिकलेला, हौशी, गाड्या विकणारा. १९१० साली विमानाच्या अपघातात तो तरुणपणीच गेला. दुसरा, हेन्री रॉइस, एका गिरणीवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म १८६३ सालचा. बापाचा धंदा बुडाला आणि रॉइस नऊ वर्षांचा असताना बाप वारला. पोराने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. शाळा जेमतेम झाली. पुढे नात्यातल्या एका बाईने वर्षाला वीस पौंड भरायचे कबूल केले, तेव्हा कुठे त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तीन वर्षांनी त्या बाईजवळचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्ध्यावर सुटली. मग लीड्स शहरात हत्यारे बनवण्याचे काम. आठवड्याला ५४ तास आणि मजुरी ११ शिलिंग. रात्रीच्या वर्गांत बसून तो वीज शिकला. १८८४ साली एका सोबत्याबरोबर मँचेस्टरला त्याने छोटा कारखाना काढला. त्यात डायनामो आणि विजेच्या याऱ्या होत. १९०३ मध्ये त्याने एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, तिच्यातल्या उणिवा हेरल्या आणि १९०४ साली स्वतःची मोटार रस्त्यावर आणली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची आणि रोल्सची गाठ पडली. १९३० साली सरकारने त्याला ‘सर’ केले, तरी तो स्वतःला मिस्त्रीच म्हणवून घेई.

हे सांगताना त्याची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. रॉइस स्वतः जेवणखाण विसरून काम करी. पोऱ्या दुधाचा पेला घेऊन त्याच्या मागे फिरे, अशी आठवण सांगतात. हाताखालच्या माणसांकडूनही तो तशाच लांब पाळ्यांची अपेक्षा धरी. परिणाम व्हायचा तो झाला. १९११ च्या सुमारास त्याची प्रकृती कायमची ढासळली, आणि पुढची वीस-बावीस वर्षे त्याला कारखान्यापासून दूर, समुद्रकाठी राहून नकाशे काढावे लागले. ज्याने क्रँकच्या प्रत्येक बेअरिंगला तेल पोहोचवले, त्याला माणसाच्या अंगालाही वंगण लागते हे उमगले नाही. संघटनेच्या कामात आम्ही आठ तासांचा आग्रह धरतो तेव्हा आम्हाला आळसाचे वकील म्हणणारे भेटतात. त्यांनी रॉइसचा हा अध्यायही वाचावा.

दुसरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. गाडीवर दोन नावे कोरली गेली. पण ती बेअरिंगे हाताने घासून बसवणारे फिटर, ते ठोकळे ओतणारे मोल्डर, क्रँक कातणारे टर्नर यांची नावे कुणाला ठाऊक? आपल्या मुरगूडच्या तलावाला सर पिराजीरावांचे नाव आहे, ते योग्यच आहे. पण बांधावर घमेली वाहिलेल्या हातांची नावे तिथेही कोरलेली नाहीत. कंपनीचा इतिहास पाहा. १९७१ साली विमानाच्या एका इंजिनापायी रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. पुढे मोटारीचा आणि विमान-इंजिनांचा धंदा वेगळा झाला, आणि २००३ पासून रोल्स-रॉइस मोटारी बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या मालकीखाली तयार होतात. मालक बदलले, देशही बदलला. राहिली ती काम करण्याची रीत, आणि ती एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवली म्हणून राहिली.

आपल्या जिल्ह्याला हे परके नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कागदावरची पदवी नसलेल्या मिस्त्रींनी लेथवर आपला जिल्हा उभा केला. म्हादबा मिस्त्रींचे नाव तिथे आजही आदराने घेतात. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील भट्ट्यांतून मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात आणि दूरदूरच्या कारखान्यांत जातात. आपल्या गावची कितीतरी पोरे पहाटेच्या गाडीने त्या पाळ्यांना जातात. मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती शिकण्याच्या वेळेची. शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. पण आम्ही असा एक कारखाना जवळून पाहिला, की जिथे पोरगा साच्याची वाळू ओळखू लागला, ओतीव कामातला पोकळपणा हातोडीच्या आवाजावरून सांगू लागला, की ठेका संपे आणि त्याच्या जागी नवा पोरगा येई. जुन्याचा हात तयार झाला म्हणजे त्याचा हक्क तयार होतो, ही तिथल्या व्यवस्थापनाची धास्ती. हा हिशेब पहिल्या वर्षी फायद्याचा दिसतो. पण क्रँक पाच ठिकाणी धरला काय आणि सात ठिकाणी धरला काय, पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच फिरतात. फरक कळतो तो घाटात.

आमचे म्हणणे एवढेच, की उत्तम वस्तू ही उत्तम माणसाला दिलेल्या वेळेतून तयार होते. तो वेळ मालकाने द्यावा म्हणून संघटनेने झगडावे, ते आम्ही करतोच. पण गावाचेही काही काम आहे. रॉइसची उमेदवारी वर्षाला वीस पौंडांवर टेकली होती. ते आणखी दोन-तीन वर्षे मिळते, तर एवढ्या मोठ्या कारागिराला रात्रीच्या वर्गात अर्धपोटी बसावे लागले नसते. आणि ते सुरुवातीलाच मिळाले नसते, तर तो जन्मभर तारा वाटीत राहिला असता.

आपण मंडळी दर वसंतात वर्गणी काढून ही व्याख्यानमाला भरवतो. त्याच वहीत आणखी एक पान घालावे. आयटीआयला जाणाऱ्या दोन मुलांची आणि दोन मुलींची फी, एसटीचा पास आणि प्रत्येकाला स्वतःचा एक मायक्रोमीटर, एवढा भार मुरगूडला जड नाही. शिक्षण पुरे होईपर्यंत ही मदत मध्येच तुटू द्यायची नाही, एवढी एकच अट आपण आपल्यावर घालून घ्यावी. पहिली वर्गणी आमच्या संघटनेकडून धरावी.