उडणारा सरडा

सरीसृप वर्गाच्या ॲगॅमिडी कुलातील ड्रॅको या प्रजातीच्या सरड्यांना उडणारे सरडे म्हणतात. या प्रजातीत सु. ४० जाती असून त्या दक्षिण व आग्नेय आशियातील वनांत आढळतात. पश्चिम घाटातील जातीचे शास्त्रीय नाव ड्रॅको डस्युमिएरी असे आहे. केरळ व कर्नाटकापासून गोव्यापर्यंत आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती आढळते. दाट वनांप्रमाणेच सुपारीच्या बागांतही तिचे वास्तव्य असते. शरीराची लांबी शेपटीसह सु. २० सेंमी. असते. रंग झाडाच्या सालीसारखा असल्यामुळे खोडाला चिकटून बसलेला सरडा सहज दिसत नाही.

वटवाघळाच्या पंखांना बोटांच्या हाडांचा आधार असतो. या सरड्याच्या पंखांना तो बरगड्यांचा असतो. धडाच्या दोन्ही बाजूंच्या ५ ते ७ बरगड्या खूप लांबलेल्या असून त्यांच्यावर त्वचेचे पातळ पटल ताणलेले असते. स्नायूंच्या साहाय्याने बरगड्या पसरल्या की पटल उघडते. एरवी ते अंगालगत मिटलेले असते. हे पंख फडफडविता येत नाहीत. त्यामुळे हे खरे उड्डाण नसून हवेतून तिरपे तरंगत खाली उतरणे असते. उंच खोडावरून झेप घेतल्यावर सरडा प्रथम वेगाने खाली येतो, नंतर त्याचा मार्ग आडवा होत जातो आणि शेवटी तो किंचित वर वळून वेग कमी करतो व दुसऱ्या झाडावर उतरतो. ६० मी.पर्यंतच्या झेपांची नोंद आहे. शरीर मोठे असलेल्या जातींत पंखाच्या दर एकक क्षेत्रफळावर अधिक भार येतो, म्हणून त्या लहान जातींइतक्या कुशलतेने तरंगू शकत नाहीत.

झेपेत पुढचे पाय मोकळे पसरलेले असतात, असे पूर्वी मानीत. तथापि, कर्नाटकातील आगुंबे येथील निरीक्षणांवरून २०१७ मध्ये असे दाखविण्यात आले की, झेप घेताच सरडा पुढच्या पायांनी पटलांच्या पुढच्या कडा पकडतो व त्यायोगे पंखांचे नियंत्रण करतो.

मुंग्या व वाळवी हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. नर आपल्या क्षेत्राचे रक्षण करतो. प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी व मादीला आकर्षित करण्यासाठी तो गळ्याखालची त्वचेची झोळ वारंवार पुढे काढतो. पश्चिम घाटातील जातीत ती पिवळी असते. मादी मुख्यतः अंडी घालण्यासाठीच जमिनीवर उतरते. ड्रॅको व्होलान्स या जातीची मादी मुस्कटाने माती उकरून खळगा करते, त्यात सामान्यतः ५ अंडी घालून ती झाकते व सु. एक दिवस त्यांची राखण करते.

जमिनीवर हा प्राणी असुरक्षित असतो. म्हणूनच त्याच्या दृष्टीने झाडांच्या संख्येइतकेच त्यांच्यामधील अंतरही महत्त्वाचे आहे. वृक्षतोडीमुळे हे अंतर झेपेच्या टप्प्यापलीकडे गेल्यास त्याचा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्याचा सुरक्षित मार्गच खुंटतो.