ग्राहकांचा आवाज डॅशबोर्डपर्यंत कसा पोचतो?

ग्राहकांच्या प्रतिक्रिया पॉवर बीआयसारख्या साधनाला जोडायच्या कशा, हा आजचा विषय. उदाहरण घरचंच घेऊ, पीएमपीएमएलच्या बसचं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन २००७ साली ही कंपनी झाली. त्यामुळे दोन शहरांतले प्रवासी आता एकाच कंपनीकडे तक्रार करतात.

आता समजा, स्वारगेटला एक आजी अर्धा तास उभ्या आहेत. बस आली आणि न थांबता निघून गेली. नातवानं मोबाइलवरून तक्रार केली. आपण या एका तक्रारीमागे जाऊया. तक्रार आणि आजी दोन्ही काल्पनिक आहेत, आकडेही समजण्यापुरतेच घेतलेत.

पहिली पायरी, माहिती आत आणणं. तक्रारींची सीएसव्ही फाइल उघडली की कधीकधी मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. माहिती बिघडलेली नसते, फक्त अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकीची निवडली जाते. फाइल यूटीएफ-८ मध्ये असेल तर ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ हा पर्याय घ्यायचा. झालं काम.

दुसरी पायरी मात्र खरी कसोटीची. तक्रारींचा एक तक्ता आणि थांब्यांचा दुसरा. थांब्यांच्या तक्त्यात प्रत्येक थांबा एकदाच, स्वतःच्या क्रमांकासह. तक्रारींत तोच थांबा शंभरदा येऊ शकतो. पण लोक काय लिहितात? ‘स्वारगेट’, ‘स्वारगेट स्टँड’, कुणी इंग्रजीतून, कुणी नुसतं ‘नेहमीचा स्टॉप’. यंत्राला ही सगळी नावं वेगळी वाटतात. म्हणून पर्यायी नावांचा तिसरा तक्ता करायचा आणि प्रत्येक नावापुढे थांब्याचा क्रमांक लिहायचा.

आणि इथेच घात होतो बघा. दोन तक्ते एकत्र करताना ‘इनर’ जोड निवडली, तर न जुळलेल्या ओळी गुपचूप गळतात. आजींची तक्रार कुणी पुसलेली नसते, तरी ती कुठेच दिसत नाही! म्हणून तक्रारींचा तक्ता आधी ठेवून ‘लेफ्ट आउटर’ जोड घ्यायची, आणि न जुळलेल्या तक्रारींची संख्या डॅशबोर्डवर ठळक दाखवायची. ती संख्या वाढली, तर समजायचं की आपल्याला लोकांची भाषा कळत नाहीये.

तिसरी गोष्ट, नुसते आकडे मोजू नका. एका मार्गावर ३,००० फेऱ्यांमागे ६० तक्रारी, दुसऱ्यावर ४०० फेऱ्यांमागे २०. वरवर पाहता पहिला मार्ग वाईट. पण दर हजार फेऱ्यांमागे काढलं, तर पहिल्यावर २० आणि दुसऱ्यावर ५०. लक्ष कुठे द्यायचं, हे इथे उलटं होतं.

प्रवाशाचं नाव आणि मोबाइल नंबर डॅशबोर्डवर आणायचंच कारण नाही, तक्रार क्रमांक पुरतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं भान इथे ठेवायला हवं. माहिती ताजी किती ठेवायची? पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात दिवसाला आठ वेळा ठरवून रिफ्रेश करता येतं, पण तक्रारींसाठी पहाटे एकदा पुरेसं असतं.

शेवटी दोन रकाने विसरू नका. एक ‘माध्यम’: ॲप, फोन की आगारात कागदावर दिलेला अर्ज. ज्या आजींचा नातू जवळ नाही, त्यांची तक्रार कागदावरच असते. ती कुणीतरी टाइप केली नाही, तर ॲप वापरणाऱ्यांचंच शहर आपल्याला दिसेल. दुसरा रकाना, ‘प्रवाशाचं समाधान झालं का?’ तक्रार बंद करण्याची तारीख कार्यालय टाकतं. पण बस थांबू लागली की नाही, हे आजीच सांगू शकतात.

तर जोडणी झाली असं कधी म्हणायचं? थांब्यावरची बस थांबू लागली, की. आता तुमचे प्रश्न घेऊया.