मत्स्यविनोद आणि विवेक

ज्या घरांत मासा शिजत नाहीं तेथील वाचकांपुढें गळाची गोष्ट काढावी कीं नाहीं, याचा मला प्रथम संकोच वाटला. परंतु हा विषय आपल्या संस्कृत वाङ्मयाला परका नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत गळानें मासे धरणें हा राजाचा एक विनोद म्हणून वर्णिला असून, माशांच्या जाती, आमिष, काठी व दोरी यांचाही त्यांत विचार केला आहे.

या विनोदाचें दक्षिणेंतील प्रख्यात क्षेत्र म्हणजे कावेरीचें खोरें. तेथील पाठीला उंचवटा असलेला महसीर मोठा बलवान्. १९४६ सालीं कबिनी या उपनदींत १२० पौंड वजनाचा महसीर गळाला लागला होता. पुढें धरणें झालीं, सुरुंग लावून मासे मारले जाऊं लागले, आणि हे मासे कमी झाले. तेव्हां छंदी लोकांनीं धरलेला मासा वजन करून पुन्हा नदींत सोडण्याची चाल पाडली. इतकेंच नव्हे, तर लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रांत वाढविलेलीं महसीराचीं पिलेंही कावेरींत सोडण्यांत आलीं.

हेतु शुद्ध होता. पण हीं पिलें 'खुदरी' या निळसर परांच्या निराळ्या जातीचीं होतीं. ती जात आपल्याकडील. साइक्स यानें १८३९ सालीं तिचें वर्णन केलें तें पुण्याजवळील मुळा-मुठेच्या माशावरून. गळ टाकणाऱ्यांनीं १९९८ ते २०१२ पर्यंत ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनीं तपासल्या, तेव्हां पाहुणा वाढत गेला आणि घरधनी विरळ झाला, असें दिसून आलें. या घरधन्याचें शास्त्रीय नांवही २०१८ सालींच निश्चित झालें. तें 'टॉर रेमादेवी'. त्याच वर्षीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

देश, काल आणि पात्र पाहून दान करावें, असें आपण मुलांना शिकवितों. तोच नियम नदीलाही लागू आहे. धरलेला मासा त्याच्याच पाण्यांत सोडणें ही दया होय. परका मासा तेथें सोडणें ही दया नव्हे. घरच्या काचपेटींतील मासे कंटाळून नदींत सोडणाऱ्या मुलांना वडील माणसांनीं एवढें अवश्य समजावून सांगावें.