दया वेगळी, ममता वेगळी: जामखेडचा हातपंप आणि आमच्या घरचा कप

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. इअरफोन घरी विसरला असाल किंवा एसटीच्या खडखडाटात काही ऐकू येत नसेल, तर निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात एकीने व्हॉइस नोट पाठवली होती, "दादा, ख्रिस्ती लोक ज्याला काइंडनेस म्हणतात, ती म्हणजे आपली दयाच ना?" मी पटकन 'हो' टाइप केलं, आणि मग पुसलं. कारण मला आमच्या घरचा एक कप आठवला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी शब्द बघू. नव्या करारात पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात नऊ गुणांची एक यादी येते. त्यात काइंडनेससाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'ख्रेस्टोटेस'. ज्या शब्दापासून तो बनला, त्याचा अर्थ 'चांगला' आणि 'उपयोगी' असाही होतो. मराठी बायबलमध्ये तिथे 'दया' नाही, 'ममता' आहे. मला हा शब्द फार आवडला. दयेत एक जण वर असतो, एक खाली. ममतेत 'मम' आहे, म्हणजे 'माझं'. समोरचा माझा आहे, बस. (संस्कृतवाले मंडळी, चूक असेल तर कमेंटमध्ये हाणा.)

आता माझं. मी बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचा. तेच, केदारेश्वराचं जुनं मंदिर आणि किल्ला असलेलं. मी ख्रिस्ती नाही, कोडिंग करून पोट भरतो. त्यामुळे चर्चमधलं प्रवचन मला जमणार नाही. पण या ममतेचं सगळ्यात पक्कं उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. जामखेड. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको तिथे आले. दोघंही ख्रिस्ती, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तिकडे सहज सेटल झाले असते. त्यांनी जामखेडला 'सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प' सुरू केला. त्या काळात तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जायची. १९९०च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. मधे काय झालं, ते खरं इंटरेस्टिंग आहे.

सुरुवातीलाच दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडे प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. लोक म्हणाले, डॉक्टर, औषध राहू द्या, आधी अन्न-पाणी बघा. मग बोअर घ्यायचं ठरलं. आणि इथे आरोळ्यांनी एक गोष्ट केली. हातपंप दलित वस्तीत बसवले. आता पाणी पाहिजे तर पाटलाच्या घरातल्या बाईनेही घागर घेऊन वस्तीत यायचं.

हे वाचताना मला योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची गोष्ट आठवली. येशू दमून बसलाय आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकितच होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी असा व्यवहार ठेवत नसत. लक्षात घ्या, तो तिला काही देण्याआधी तिच्याकडे मागतोय. देणं सोपं असतं हो. ज्याला आपण कमी समजतो त्याच्या हातून घेणं अवघड.

परत जामखेडला. आधी त्यांनी गावागावात शिकलेल्या नर्स पाठवून बघितल्या. जमलं नाही. बाहेरून आलेल्या मुलीवर गावाचा विश्वास बसेना, आणि तिलाही तिथे राहणं जड जायचं. मग त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. ज्या आल्या त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, मुक्काम करायच्या, गावी जाऊन तेच काम करायच्या. स्वच्छ हातांनी बाळंतपण, जुलाब लागलेल्या लेकराला घरीच साखर-मीठ-पाणी, बाळांची वजनं, टीबी आणि कुष्ठरोगाच्या पेशंटला वेळेवर गोळ्या. पुढच्या आठवड्यात परत यायचं, आणि काय अडलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. आमच्या टीमच्या साप्ताहिक मीटिंगपेक्षा हे शंभर पट कामाचं होतं, असं माझं मत.

मुक्कामाला मात्र अडचण होती. वेगवेगळ्या जातींच्या बायका, एकत्र जेवायचं कसं, शेजारी झोपायचं कसं? तर जेवण एकत्र, खोली एक, आणि पांघरूणही एकच, सगळ्यांना पुरेल एवढं मोठं. भाषण नाही, शपथ नाही. थंडी वाजली की जवळ सरकायचं.

म्हणजे बघा, यात आरोळ्यांनी बायकांवर दया केली असं कुठेच बसत नाही. ज्या बाईला गाव ओसरीवर चढू देत नव्हतं, तिच्या हातात गावाने आपली बाळंतीण दिली. या बायकांतल्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या, आणि ममतेला त्याने फरक पडला नाही.

बाकी जगाने दखल घेतलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे, १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ ला गेल्या, रजनीकांत सर २०११ ला. काम चालू आहे.

आता तो कप. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक वेगळा कप असायचा, दांडी तुटलेला. शेतात कामाला येणाऱ्या काकांसाठी. माझी आजी त्यांना भाकरी द्यायची, सणाला ज्वारी द्यायची. त्यांच्या लेकराला ताप आला तेव्हा रात्री आबांना उठवून गाडी जुंपायला लावली होती तिने. आजी दयाळू होती, यात काडीची शंका नाही. आणि तो कप काका स्वतः धुऊन कोनाड्यात उपडा ठेवायचे.

मागच्या दिवाळीला गेलो तर आजी नाही, कप आहे. मी आईला म्हणालो, "आई, मला यातच चहा दे."

"तो कशाला? दुसरा देते की."

"का गं, याला काय झालं?"

ती गप्प बसली. संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. त्यांच्या सुनेने स्टीलच्या पेल्यात चहा दिला, खूप गोड. त्या घरात पहिल्यांदा काही प्यायलो, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ऊसतोडीला कधी निघायचं, मुकादमाने उचल किती दिली, अशाच गप्पा झाल्या. काका दोनदा म्हणाले, "बाप्पा, घरी सांगून आलास ना?"

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "गोड लई करते त्याची सून." म्हणजे तिला तिथला चहा माहीत होता. कधी, कसा, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या बुधवारी भेटू.